चंद्र रोज उशिरा का उगवतो?



संकष्टीला मोदक तयार असतात, आजीचा उपास असतो आणि तुम्ही गच्चीवर चंद्राची वाट बघत असता. नऊ वाजले तरी त्याचा पत्ता नाही! पौर्णिमेला तर सूर्य मावळता मावळताच तो उगवला होता. मग तीन-चार दिवसांत एवढा उशीर कसा?

पृथ्वी एका दिवसात स्वतःभोवती गिरकी घेते. त्याच वेळी चंद्रही तिच्याभोवती पुढे सरकत असतो. मैदानाला धावत फेरी मारून तुम्ही परत येता, तोवर चालणारा मित्र थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला आणखी थोडं धावावं लागतं ना? तसंच पृथ्वीला चंद्र गाठायला रोज सरासरी 50 मिनिटं जास्त लागतात.

वर्सोवा कोळीवाड्यातली मुलं कोण कोण आहेत? करा हात वर! हा हिशेब तुमच्या आजोबांना पाठ असेल. समुद्राची भरतीही रोज साधारण तेवढीच उशिरा येते, कारण सुमारे 3,84,400 किलोमीटरवरून पाणी ओढणारा मुख्य गडी चंद्रच. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रांगेत येतात. मग सूर्याची ओढही चंद्राच्या मदतीला येते आणि उधाण येतं. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती. आकाश बघून समुद्राची वेळ सांगणाऱ्या या दर्यावर्दी माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. तेही विज्ञानच आहे.

इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही चंद्राची वेळ सांभाळली. 23 ऑगस्ट 2023 रोजी त्यांचं ‘विक्रम’ हे यान चंद्रावर उतरलं, तेव्हा तिथे सकाळ होती. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांइतका लांब आणि यान चालणार सूर्यप्रकाशावर. सकाळी उतरलं, म्हणून कामाला अख्खा दिवस मिळाला.

आता तुमचं काम. येत्या पौर्णिमेपासून चार दिवस चंद्र दिसल्याची वेळ वहीत लिहा. अंधेरीच्या उंच इमारतींमुळे तो पंचांगातल्या वेळेपेक्षा उशिरा दिसेल, तेही लिहा. मुख्याध्यापिका बाई, या आकड्यांसाठी वर्गातल्या फळ्याचा एक कोपरा मुलांना द्याल ना?