मोटारसायकलसाठी ॲल्युमिनियमचे घरगुती ब्रॅकेट
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मोटारसायकल आता आपल्या शेतीचे एक अवजारच झाली आहे. सकाळी दुधाची किटली, दुपारी फवारणीचा पंप, संध्याकाळी बाजाराची पिशवी, सारे तिच्यावरूनच जाते. त्यासाठी लागणारे हूक, ब्रॅकेट, पेटीचे आधार अनेक जण घरीच बनवतात. ॲल्युमिनियमची पट्टी हलकी असते, साध्या करवतीने कापता येते आणि लोखंडासारखी तांबूस गंजत नाही. म्हणून ती सर्वांच्या पसंतीची. परंतु या धातूचा स्वभाव लोखंडाहून वेगळा आहे. तो ओळखून काम केले नाही तर काय होते, ते मी स्वतः अनुभवले आहे.

मी ५ मिमी जाडीच्या पट्टीचे दोन हूक करून त्यांवर दुधाची २० लिटरची किटली टांगत असे. म्हणजे नुसत्या दुधाचेच वजन २० किलोच्या वर. दीड महिना काही झाले नाही. मग एका सकाळी लहानशा खड्ड्यात हूक तुटला आणि किटली रस्त्यावर आदळली. मागून शाळेची मुले सायकलवरून येत होती. दूध गेले, मुले थोडक्यात वाचली. तुटलेला तुकडा पाहिला तेव्हा निम्म्याहून अधिक भाग काळवंडलेला आणि उरलेला चकचकीत दिसला. तडा कित्येक दिवस आतल्या आत वाढत होता. त्या सकाळी फक्त शेवट झाला.

असे का होते?

लोखंडावरील ताण ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर ते लाखो हादरे सोसते. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. थोडा थोडा ताण वारंवार पडत राहिला तरी त्याला थकवा येतो. कोपरा, ओरखडा किंवा भोकाची खडबडीत कड येथून तडा सुरू होतो. माझ्या हुकात तिन्ही चुका होत्या. टोकदार सुईने खूण केली होती, त्याच रेषेवर काटकोनात वाकवले होते आणि वाकणाजवळच भोक पाडले होते.

दुसरी गोष्ट ताठपणाची. ॲल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश, तसा ताठपणाही एकतृतीयांशच. ३ मिमी लोखंडी पट्टीइतका ताठपणा हवा असेल तर ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे ४.५ मिमी जाड घ्यावी लागते. तरीही वजन जवळजवळ निम्मेच भरते.

म्हणून पहिला नियम असा: वजन लोखंडावर, आधार ॲल्युमिनियमवर. किटली, खताची गोणी, भरलेला पंप यांचे ओझे लोखंडी कॅरिअरवरच ठेवा. ॲल्युमिनियमची पट्टी त्यांना कलू न देण्यासाठी वापरा. हत्यारांची लहान पेटी, पंपाची रिकामी नळी, रेनकोट, डबा यांसाठी मात्र ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट उत्तम.

काम करण्याची पद्धत

साधारण २५ मिमी रुंद व ५ मिमी जाड सपाट पट्टी घ्या. खिडकीच्या चौकटीचे पातळ तुकडे किंवा जुन्या भांड्यांचा पत्रा ओझ्यासाठी घेऊ नका. खूण स्केच पेनाने करा. करवतीच्या पात्याला इंचाला १८ दात असावेत. कानशीत धातूचा चुरा अडकतो, म्हणून तिला आधी खडू घासा. ग्राइंडरच्या दगडावर ॲल्युमिनियम घासू नका; दगडाची छिद्रे बुजतात, तो तापतो आणि फुटण्याचा धोका असतो.

वाकवताना पट्टी सुमारे ३० मिमी व्यासाच्या पाइपाभोवती लाकडी हातोडीने हळूहळू वळवा. म्हणजे वाकणाची आतली त्रिज्या पट्टीच्या जाडीच्या तिप्पट राहते. त्याच पट्टीचा एक तुकडा आधी वाकवून पाहा. बाहेरच्या अंगाला बारीक भेगा दिसल्या तर ती पट्टी वाकवण्याच्या कामाची नाही. एकदा वाकवलेली पट्टी सरळ करून पुन्हा वाकवू नका. व्हाइसमध्ये धरताना दोन्ही बाजूंस लाकडाच्या चिपा घाला.

६ मिमीच्या बोल्टसाठी भोक ६.५ मिमीचे पाडा. आधी ३ मिमीचे, मग मोठे. बिटावर रॉकेल किंवा डिझेलचा थेंब सोडत राहा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. भोकाचा मध्य पट्टीच्या टोकापासून किमान १३ मिमी आत आणि वाकणापासून दूर असावा. सर्व कडा व कोपरे गोल करून बारीक पॉलिश कागदाने घासा. या कामाला कंटाळू नका. ब्रॅकेटचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते.

बसवताना घ्यावयाची काळजी

चासीला भोक पाडू नका, पेट्रोलच्या टाकीजवळ ड्रिल नेऊ नका. कॅरिअरच्या किंवा कंपनीने दिलेल्या बोल्टांचाच आधार घ्या. ब्रॅकेट शक्यतो दोन्ही टोकांना बांधा. एका टोकावर लोंबणारी पट्टी लवकर थकते. बोल्टखाली रुंद वॉशर आणि नायलॉनचा लॉकनट घाला. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल अडकत नाही ना, ते पाहा. दिवे, इंडिकेटर व नंबरप्लेट झाकली जाता कामा नये.

लोखंड आणि ॲल्युमिनियम पावसात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी धरते. कोकणातील खाऱ्या हवेत हे अधिक लवकर होते. मध्ये रंगाचा थर किंवा रबराची चकती द्या. द्राक्ष व डाळिंब बागायतदारांनी विशेष लक्षात ठेवावे की बोर्डो मिश्रणातील मोरचूद आणि चुना हे दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. फवारणीनंतर ब्रॅकेट त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुवा.

तपासणी

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळा. पुढे दर आठवड्याला पाहत जा. बोल्टभोवती काळी भुकटी दिसली तर जोड हलतो आहे असे समजा. महिन्यातून एकदा वाकणाच्या जागी रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडे पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पुडीवर ओली रेघ उमटते. अशी रेघ दिसली की ब्रॅकेट भंगारात टाका. त्याला वेल्डिंग करून पुन्हा वापरू नका, कारण उष्णतेने जोडाजवळची पट्टी मऊ पडते.

बंधू-भगिनींनो, घरी बनवलेल्या वस्तूचे समाधान मोठे असते, पैसाही वाचतो. पण आपली गाडी ज्या रस्त्यावरून जाते तो रस्ता सर्वांचा आहे. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीवरील ब्रॅकेटचे वाकण एकदा खडू लावून पाहा, एवढीच विनंती करून मी थांबतो.