शाळेतली हक्काची जागा



पुण्यातला स्वारगेट चौक.
एसटीचे हॉर्न, पीएमपीची गर्दी.
काही स्वमग्न मुलांना हा गोंगाट सोसत नाही.
शाळेत पोचेपर्यंतच ती दमतात.
मूल वर्गात कान झाकून बसतं.
हा हट्ट नव्हे, हे आईबाबांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.
किती थकवणारं असतं ते!

म्हणून लक्षात ठेवा.
शाळा हा मुलाचा हक्क आहे.
2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे.
किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या मुलांना
6 ते 18 वर्षांपर्यंत
जवळच्या शाळेत,
किंवा पसंतीच्या विशेष शाळेत,
मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

शांत कोपरा,
चित्रांचं वेळापत्रक,
समजून घेणाऱ्या बाई.
एवढं जरूर मागा.

पुन्हा सांगते, शाळा हा हक्क आहे.
नकार मिळाला, तर तो लेखी मागा.
दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे.
तिथे दाद मागा.