हुगळीचे पाणी आणि वारे

कोलकात्याच्या, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडी अजून असलेल्या कलकत्त्याच्या, बाबूघाटावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उभे राहिले, तर एखादे वेळी एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. ओहोटी सरत आलेली असते. पायऱ्यांखालचा चिखल उघडा पडलेला असतो आणि पाणी अगदी संथ दिसते. इतक्यात नदीच्या खालच्या अंगाकडून ओरड उठते : 'बान! बान!' हा शब्द कानी पडताच काठाला बांधलेल्या नावांचे दोर भराभर सुटतात आणि सगळ्या नावा काठ सोडून पात्राच्या मध्याकडे धाव घेतात. कोकणातल्या खाडीवर वाढलेल्या माणसाला हे उलटेच वाटेल. संकट दिसले की काठ गाठावा, ही त्याची रीत. हुगळीवर मात्र त्या घटकेला काठच घात करतो. पाण्याची एक भिंत, कधी कधी सहा-सात फूट उंचीची, फेसाळत काठाकाठाने वर येते. उथळ जागी ती फुटते आणि तेथे राहिलेल्या नावेचा चुराडा करते. खोल पात्रात हीच लाट फुगवट्यासारखी नावेच्या खालून निघून जाते. दोन-चार हेलकावे बसतात, आणि पाहता पाहता उतरणारी नदी चढू लागलेली असते.

या लाटेलाच बंगालीत बान म्हणतात. तिचे कारण नदीच्या आकारात आहे. सागर बेटाजवळ हुगळीचे मुख कित्येक मैल रुंद आहे; वर यावे तसतसे दोन्ही काठ नरसाळ्याप्रमाणे जवळ येतात आणि तळही उथळ होतो. भरतीचे पुढचे पाणी तळाला घासून मंदावते, मागचे त्याहून खोल पाण्यावरून वेगाने येते आणि पुढच्याच्या पाठीवर चढते. कोकणच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांची वाटणी साधारण सहा-सहा तासांची असते. कोलकात्यास पाणी चढते ते चारएक तासांत आणि उतरण्यास आठएक तास घेते. म्हणजे समुद्राने सहा तासांत करावयाचे काम ही नदी चार तासांत उरकते, आणि ती घाई बानाच्या रूपाने दिसते. भांगाच्या भरतीला बान नसतो; उधाणाला तो असतो, आणि पावसाळा सरताना सर्वांत मोठा असतो. त्या मोठ्या बानाला बंगाली माणसाने 'षांडाषांडीर बान' असे नाव दिले आहे. दोन सांड झुंजावेत तसा. ज्याने हे नाव प्रथम दिले त्याने ती लाट पाण्याच्या पातळीवर बसून पाहिली असली पाहिजे.

पण बान हा या नदीचा प्रामाणिक शत्रू म्हटला पाहिजे, कारण तो पंचांगाप्रमाणे येतो. वाळूचे तसे नाही. पायलट जेथे जहाजावर चढतो त्या समुद्रातील जागेपासून कोलकात्याच्या गोदीपर्यंतचे अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या घरात आहे, आणि या वाटेवर वाळूचे दांडे एकामागून एक पसरलेले आहेत. काल जेथे पाणी होते तेथे आज असेलच असे नाही. म्हणूनच सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे पायलटांचा एक स्वतंत्र पेशा उभा राहिला. वर्षानुवर्षे उमेदवारी केल्यावाचून त्यात मोठे जहाज हाती मिळत नसे. दामोदर आणि रूपनारायण या दोन नद्या पश्चिमेकडून येऊन हुगळीला मिळतात, त्यांच्या मधल्या टप्प्यात जो दांडा आहे त्याचे नाव 'जेम्स अँड मेरी'. हे नाव 'जल मरी' अशा काही देशी शब्दांचा अपभ्रंश असावे, असे पुष्कळ दिवस सांगितले जाई. कल्पना मोठी गोड, पण खरी नव्हे. १६९४ साली 'रॉयल जेम्स अँड मेरी' नावाचे जहाज तेथे बुडाले, त्यावरून हे नाव पडले. तीन नद्यांचे प्रवाह तेथे एकमेकांना ढकलत असतात. रुतलेल्या जहाजाच्या एका कुशीखालची वाळू प्रवाह उपसून नेतो, दुसऱ्या कुशीवर पाण्याचा रेटा बसतो, आणि जहाज कलंडते. पुढे ती वाळूच त्याला गिळून टाकते. १९७५ साली फराक्काचा बंधारा सुरू झाला, तो गंगेचे पाणी या शाखेत वळवून गाळ धुऊन काढावा या हेतूने. तरीही पात्राची खोली मोजण्याचे आणि गाळ उपसण्याचे काम आजतागायत थांबलेले नाही.

पाण्याचा हिशेब झाला, तरी वाऱ्याचा राहतोच. चैत्र-वैशाखात दिवसभर उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो. दुपार कलली की वायव्येच्या क्षितिजावर निळसर काळा ढग उभा राहतो. वारा पडतो, पाण्यावर तरंगसुद्धा उठत नाही. हीच शांतता नावाड्याला घाबरविते. मग एक गार झुळूक येते आणि तिच्या मागोमाग कालबैशाखी कोसळते. महाराष्ट्रात वळवाचा पाऊस असतो तशीच ही जात. पण छोटानागपूरच्या पठारावरील कोरडी, तापलेली हवा आणि बंगालच्या उपसागरावरची दमट हवा यांची गाठ पडून तिला जो जोर चढतो, तो वळवाला क्वचितच येतो. तासाला शंभर किलोमीटरांचा झोत काही मिनिटे राहतो आणि तासाभरात आकाश निवळतेही. एवढ्याशा वेळात शीड उतरविण्यास चुकलेली नाव उलटून जाते. ढग दिसताच शीड खाली घ्यावे, आडोशाच्या काठाला जावे किंवा नांगर टाकून नावेचे नाक वाऱ्याकडे करावे, एवढाच त्यावरचा उपाय.

पावसाळ्यातला धोका निराळा. त्या दिवसांत वारा दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून समुद्रावरून आत येतो. भरती चालू असेल तर पाणी आणि वारा एकाच दिशेने जातात आणि लाटा लांबट, सुसह्य असतात. ओहोटी लागली की तोच वारा पाण्याच्या विरुद्ध पडतो. लाटा आखूड, उभ्या आणि कडेला फुटणाऱ्या होतात. वाऱ्याचा वेग तिळमात्रही वाढलेला नसतो, तरी मघाशी सुखाने चाललेली नाव पाणी घेऊ लागते. त्यामुळे नदीच्या मुखाशी केवळ वाऱ्याचा अंदाज पुरत नाही. पाणी कोणीकडे वाहत आहे हेही त्यात मिळवावे लागते.

हिवाळ्यात वारा नसतो, पण धुके असते. मकर संक्रांतीला गंगासागरास लक्षावधी यात्रेकरू लोटतात, त्यांत महाराष्ट्रातील मंडळीही असतात. काकद्वीपच्या बाजूने मुडीगंगा ओलांडून सागर बेटावर जावयाचे असते. धुके दाट असले की बोटी थांबतात. धुके निवळावे तो ओहोटी लागते, आणि गाळाने उथळ झालेल्या पात्रात बोट पुन्हा थांबते. घरून निघताना पुण्यकाळाची घटका विचारून आलेल्या माणसाला येथे भरतीची घटका विचारावी लागते.

आतापर्यंत जे सांगितले ते सारे एका माणसाच्या डोळ्यांना कळण्यासारखे आहे. चांगला नावाडी ढग ओळखतो, तिथी ओळखतो, पाण्याचा रंग ओळखतो. परंतु तीनशे मैलांवर उपसागरात काय फिरत आहे, हे काठावर उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाला दिसत नाही. त्याचे ज्ञान होण्यास पुष्कळ माणसे, पुष्कळ ठिकाणे आणि त्यांना जोडणारी तार लागते. या ज्ञानाचा इतिहास हुगळीच्याच काठी घडला आहे.

चक्रीवादळाला इंग्रजीत 'सायक्लोन' हा जो शब्द आहे, तो कलकत्त्यात तयार झाला. हेन्री पिडिंग्टन हा गृहस्थ आधी जहाजाचा कप्तान होता. पुढे जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या कलकत्त्याच्या न्यायमंडळाचा तो अध्यक्ष झाला. जहाजांच्या नोंदवह्या चाळता चाळता वादळातील वारे केंद्राभोवती फिरतात हे त्याने दाखवून दिले, आणि सापाच्या वेटोळ्याचा अर्थ देणाऱ्या ग्रीक शब्दावरून हे नाव बनविले. १८४८ साली त्याने खलाशांसाठी जे पुस्तक काढले, त्यासोबत शिंगाचे पारदर्शक पत्रे दिले होते. त्यांवर वाऱ्यांची वर्तुळे कोरलेली. तो पत्रा नकाशावर ठेवावा आणि वादळाचे केंद्र कोठे आहे ते पाहावे. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले तर केंद्र उजव्या हाताला, किंचित मागे असते, हा नियम साध्या खलाशालाही अशा रीतीने हाती धरता आला.

या माणसाच्या वाट्याला एक दुःखद मान आला. हुगळी गाळाने भरून जाईल या भीतीने सरकारने आग्नेयेस मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचे मनात घेतले. पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसी यांस जाहीर पत्र लिहून कळविले, की त्या जागी एक ना एक दिवस वादळाची लाट चढेल आणि बंदर धुऊन नेईल. पत्राचा उपयोग झाला नाही. १८५८ साली पिडिंग्टन वारला. धक्के, लोहमार्ग, गोदामे यांसह पोर्ट कॅनिंग उभे राहिले आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने ते मोडून टाकले. थोड्याच वर्षांत सरकारने ते सोडून दिले. कॅनिंगची आगगाडी मात्र अजून चालू आहे.

त्या आधी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, हुगळीनेही आपला हिशेब मागितला होता. वादळासरशी समुद्र नदीत शिरला. सागर बेटावरची बहुसंख्य वस्ती बुडाली. डायमंड हार्बर आणि रूपनारायणचे काठ पाण्याखाली गेले. कलकत्ता बंदरातील जहाजे साखळ्या तुटून एकमेकांवर आणि काठावर जाऊन आदळली. सुमारे ५० हजार माणसे पाण्याने गेली आणि मागून आलेल्या रोगराईने आणखी हजारो. या प्रसंगातील सर्वांत बोचणारी गोष्ट अशी, की तार त्या वेळी होती. हिंदुस्थानातील पहिला तारमार्ग १८५१ साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्येच, याच नदीच्या काठाने, सुरू झाला होता. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांची खबर तीवरून जात असे. वादळाची खबर देणे हे मात्र कोणाचेच काम नव्हते.

ते काम पुढच्याच वर्षी नेमले गेले. १८६५ साली कलकत्ता हे वादळाचे इशारे देणारे देशातील पहिले बंदर झाले. मुंबईला ही व्यवस्था १८८० साली मिळाली. या वादळानंतर १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला, तेव्हा १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला प्रमुख झाला. खात्याचे मुख्य ठाणे कलकत्त्याहून सिमल्याला, तेथून १९२८ साली पुण्याला आणि पुढे दिल्लीला गेले. पुण्याच्या शिवाजीनगरातील ज्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, तिच्या वंशावळीच्या मुळाशी हुगळीच्या पुरात बुडालेली ती माणसे आहेत.

बंदरांवर चढविल्या जाणाऱ्या खुणा एक ते अकरा आहेत. दिवसा शंकू आणि दंडगोल, रात्री लाल आणि पांढरे दिवे. पहिल्या खुणेचा अर्थ दूर समुद्रात वादळाची लक्षणे आहेत असा. दहावीचा अर्थ भयंकर वादळ बंदरावर किंवा त्याच्या अगदी जवळून जाणार असा. अकरावी खूण वाऱ्याविषयी काहीच सांगत नाही. हवामान केंद्राशी असलेला संबंध तुटला आहे आणि येथील अधिकाऱ्याला धोका वाटतो, एवढाच तिचा अर्थ. ज्यांनी ही यादी केली त्यांनी १८६४ विसरून केलेली नाही.

आता आकाशातून उपग्रह पाहतात आणि वादळाची वाट काही दिवस आधी कळते. २० मे २०२० रोजी 'अम्फान' सुंदरबनावर आदळले, तेव्हा लाखो माणसे आधीच हलविलेली होती. पश्चिम बंगालातील मृतांची संख्या शंभराच्या घरात राहिली. हानी अपार झाली, पण १८६४ च्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे इशाऱ्याचे मोल कळते. पुढच्याच वर्षी २६ मे रोजी 'यास' ओडिशाच्या किनाऱ्यावर गेले, म्हणजे हुगळीपासून दूर. तरीही सागर आणि घोडामारा बेटांचे बांध ओलांडून पाणी आत आले, कारण त्या दिवशी पौर्णिमा होती. वारा लांब होता, उधाण जवळ होते.

आज हा इशारा सर्वांत कठीण जातो तो इलिश माशांमागे जाणाऱ्या ट्रॉलरांना. १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत पूर्व किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. ती उघडते तो नेमका पावसाळा लागतो आणि उपसागरात कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येऊ लागतात. काकद्वीप-नामखान्याहून निघालेल्या ट्रॉलरावर बर्फ उधारीचा, तेल उधारीचे. तीन दिवस जाळे टाकले, माल अर्धाही भरला नाही, आणि रेडिओ सांगतो की अमुक तासापर्यंत किनाऱ्याला या. रिकामे परतावे तर सावकार उभा. आणखी एक रात्र थांबावे तर वारा उभा. थांबलेला ट्रॉलर पुष्कळदा भर समुद्रात तगून जातो आणि परत येताना मुखाशी बुडतो. कारण दक्षिणेचा वारा वाढलेला, नदीची ओहोटी त्याच्या तोंडावर, आणि मध्ये वाळूचा दांडा. आत शिरावयाचे ते भरतीबरोबरच. ती चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत बारा तासांहून अधिक वेळ बाहेर झुंजावे लागते. म्हणून जाणता माझी रेडिओवरचा तास ऐकतो आणि लगेच तिथी मोजतो. दशमीला इशारा आला तर दिलेल्या तासाआधीची शेवटची भरती त्याला पुरते. पौर्णिमेला आला, तर ती भरती सोडून तिच्या आधीच्या भरतीला तो जाळे ओढून घेतो.