थंड पाण्यावरचे साहस आणि शिस्त



साहसाचे आकर्षण हे तारुण्याचे लक्षण होय. लडाखमधील सिंधू, ऋषिकेशजवळची गंगा येथे मराठी तरुण होड्या घेऊन उतरू लागले आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही तेथील तळ्यांवर आणि समुद्रावर कयाक वल्हवतात. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट समाजाची शिकारीची अरुंद होडी. तिच्यात प्रथमच बसणाऱ्याच्या मनात भीती असते. त्या भीतीची लाज बाळगण्याचे कारण नाही. तिला ज्ञानाची जोड मात्र हवी.

नवख्याला होडी हलली की ती उलटणारच असे वाटते. वस्तुतः या दोन गोष्टी भिन्न आहेत. रुंद, सपाट तळाची होडी शांत पाण्यावर स्थिर भासते, पण लाट आली की लाटेच्या उताराबरोबर कलते. अरुंद होडी बसताक्षणी डळमळते. तथापि काहीशी कलल्यावर तिची पाण्यात शिरलेली बाजूच तिला सावरून धरते. घाबरलेला माणूस अंग ताठ करतो, काठ पकडतो आणि डोके बाहेर झुकवतो. त्यामुळे शरीराचा भार होडीबाहेर जातो आणि ती उलटते. म्हणून कंबर सैल, डोके होडीच्या मध्यावर, नजर दूरवर आणि वल्हे पाण्यात, हा पहिला पाठ.

खरा शत्रू आहे तो थंड पाण्याचा. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी त्याचे सूत्र 1-10-1 अशा आकड्यांत मांडले आहे. गारठलेल्या पाण्यात पडताच श्वास आपोआप आत ओढला जातो आणि धाप लागते. ती आवरण्यासाठी साधारण 1 मिनिट. त्यानंतर हातापायांची उपयुक्त हालचाल करता येते ती सुमारे 10 मिनिटे. शरीर थंडावून शुद्ध हरपण्यास सुमारे 1 तास. म्हणजे गारठून मरण्याच्या कितीतरी आधी माणूस बुडू शकतो. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला, तर पट्टीचा पोहणाराही वाचेल याची शाश्वती नाही. जीवरक्षक जाकीट अंगावर घट्ट बांधलेले हवे ते याचसाठी.

22 मार्च 1993 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस येथून 8 विद्यार्थी, 1 शिक्षक आणि 2 प्रशिक्षक कयाकमधून निघाले. जवळच्याच चारमाउथला जायचे होते. शिक्षकांची होडी वारंवार उलटू लागली, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला आणि तुकडी दुभंगली. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने मुले आत लोटली गेली, होड्यांत पाणी भरले. मदत पोहोचेपर्यंत काही तास लोटले होते. 4 कोवळे जीव गेले. पुढे सहल योजणाऱ्या संस्थेच्या संचालकाला शिक्षा झाली आणि 1995 मध्ये ब्रिटनच्या संसदेने अशा साहसकेंद्रांवर परवान्याचे बंधन घालणारा कायदा केला. कायदा आला, पण गेलेली मुले परतली नाहीत.

केवळ नवखेच संकटात सापडतात असेही नाही. ब्रिटिश संशोधक जिनो वॉटकिन्स हा इन्युइटांकडून कयाकविद्या शिकलेला निष्णात वल्हेकरी. ऑगस्ट 1932 मध्ये ग्रीनलंडला तो शिकारीसाठी एकटा गेला. त्याची कयाक सापडली, तो सापडला नाही. वय होते अवघे 25. कौशल्य एकट्याचे असते, सुरक्षितता मात्र सोबत्यांच्या बळावर उभी राहते.

यातून निघणारे नियम साधे आहेत. पोशाख हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाला साजेसा असावा. उलटलेल्या होडीतून बाहेर पडण्याचा आणि सोबत्याच्या मदतीने पुन्हा आत चढण्याचा सराव आधी उथळ, सुरक्षित पाण्यात करावा. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल, तर नवख्यांनी निघू नये. उलटल्यास होडी सोडू नये. प्रथम श्वास स्थिर करावा, मग हालचाल. परतीची वेळ किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून ठेवावी आणि मदत मागण्याचे साधन अंगावरच बाळगावे.

पालकांनी मुलांना अडवू नये. मात्र प्रशिक्षक कोण, साधने कोणती, उशीर झाल्यास मदतीला कोण धावणार, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. सहली नेणाऱ्या कार्यकर्त्यांनी तर ते स्वतःलाच आधी विचारावेत. तुकडीतील सर्वांत भित्र्या मुलाच्या कुवतीवरून मार्ग ठरवणारा नेता हाच खरा धाडसी. सोबत नेलेले प्रत्येक मूल सुखरूप घरी पोहोचले, तरच ती मोहीम यशस्वी म्हणावी.