चेहऱ्याच्या कळेचा ठाव



दातांच्या डॉक्टरला व्याख्यानाला बोलावले की श्रोत्यांचे हात नकळत गालाकडे जातात, हे आम्ही आताच पाहिले. भिऊ नका, आज कोणाचीही दाढ काढायची नाही. उलट न काढायच्या दाढेबद्दलच आम्हाला बोलायचे आहे, आणि त्यासाठी आमच्याच एका चुकीपासून सुरुवात करणे बरे.

गोष्ट १९९८ सालची. खारेगावच्या एक मावशी, वय साठीच्या आसपास, पदराने उजवा गाल झाकून आमच्या दवाखान्यात आल्या. कळव्याच्या पुलावरून ठाण्याला पायी जाताना खाडीचा वारा गालाला लागला की वीज चमकल्यासारखी कळ वरच्या दाढेत शिरते, असे त्यांचे म्हणणे. कळ काही क्षणांचीच; पण तेवढ्यात बाई पुलावर जागच्या जागी उभी राहायची. पुढे पुढे चूळ भरणे, तोंड धुणे, घास चावणे, सगळ्याचीच धास्ती. "डॉक्टर, दाढ काढा, पण ही वीज बंद करा," असे त्या म्हणाल्या. आम्ही पाहिले तो दाढेला किडीचा लहानसा डाग होताच. कारण सापडले म्हणून आम्ही खूश झालो आणि दाढ काढली. पंधरा दिवसांनी मावशी परत आल्या. कळ होती तिथेच होती, आणि आता त्या शेजारची दाढ दाखवीत होत्या.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

ही चूक का होते? कपाळ, गाल आणि हनुवटी या तिन्ही भागांची, शिवाय सगळ्या दातांची संवेदना मेंदूकडे नेणारा एकच मज्जातंतू प्रत्येक बाजूला असतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्यांपैकी हा पाचवा. त्याला तीन फाटे आहेत, म्हणून त्याला त्रिशाखी म्हणू. दुखणे फाट्याच्या टोकाला, म्हणजे दातात असो, की वर मेंदूजवळ मुळाशी असो, मेंदूला ते दातातच वाटते. मावशींचे दुखणे मुळाशी होते. पुष्कळ वेळा तिथे एखादी रक्तवाहिनी त्या तंतूवर टेकून ठोके देत असते आणि त्याचे आवरण झिजते. मग वाऱ्याचा स्पर्शही कळ बनून वर जातो.

दुखणे काही नवे नव्हे. सुश्रुताने उत्तरतंत्रात ११ शिरोरोग सांगितले, त्यांतल्या अनंतवातात गाल थरथरणे आणि जबडा धरणे ही लक्षणे आहेत. काही वैद्य त्याची याच आजाराशी सांगड घालतात. दोन्ही अगदी एकच, असे म्हणायला आम्ही धजत नाही. युरोपात आंद्रे यांनी १७५६ साली आणि फॉदरगिल यांनी १७७३ साली त्याचे वर्णन केले.

आता परीक्षेकडे वळू. मावशी दुसऱ्यांदा आल्या तेव्हा, जे पहिल्यांदाच करायला हवे होते, ते आम्ही केले. दाताला थंड लावून पाहिले. खरा दुखरा दात थंडाने ठणकतो आणि ठणका मागे रेंगाळतो. इथे तसे काही नव्हते. मग डोळे मिटायला सांगून कापसाच्या वातीने कपाळ, गाल, हनुवटी दोन्ही बाजूंना स्पर्श केला आणि "सारखेच लागते का?" असे विचारले. तेच टाचणीच्या टोकाने. गंमत अशी की जबड्याच्या कोपऱ्यावरची कातडी या तंतूची नव्हे, ती मानेतल्या तंतूंची. म्हणून बधिरपणा नेमका कुठे थांबतो हे काळजीने पाहावे लागते. मावशींना सगळीकडे स्पर्श कळत होता. मात्र नाकपुडीच्या बाजूला वात लागताच त्या दचकल्या. कळेचे बटण तिथे होते.

चावण्याचे स्नायूही याच तंतूच्या हुकमतीत. दात घट्ट आवळले की कानशिलावर आणि गालावर स्नायू फुगतात. ते बोटांनी चाचपायचे. तोंड उघडताना जबडा एका बाजूला वळला, तर त्या बाजूचा स्नायू दुबळा असण्याचा संभव. हनुवटीवर बोट ठेवून वरून रबरी हातोडीचा हलका ठोका दिला की जबडा किंचित मिटतो. तो फार जोराने मिटला, तर बिघाड मेंदूच्या वरच्या वाटेवर शोधावा.

चेहरा हलवणारा तंतू वेगळा, सातवा. हा भेद १८२१ च्या सुमारास चार्ल्स बेल यांनी पुढे मांडला. भुवया चढवा, डोळे मिटा, दात दाखवा, गाल फुगवा, एवढ्यात त्याची परीक्षा होते. तोंड वाकडे झाले आणि कपाळालाही आठ्या पडत नसतील, तर सातव्या तंतूचा दोष; कपाळ शाबूत असेल तर मेंदूतला झटका समजून तडक रुग्णालय गाठावे.

या दोन तंतूंची जोडपरीक्षा यंत्राने होते, ती फार सुरेख आहे. भुवईवर विजेचा बारीक टिचका दिला की दोन्ही डोळे मिटतात. निरोप जातो पाचव्यातून, उत्तर येते सातव्यातून. त्याच बाजूचे पहिले उत्तर सेकंदाच्या हजारांश भागांत मोजले तर १०-१२ भागांत येते, दोन्ही बाजूंचे दुसरे ३०-४० भागांत. उजवीकडे टिचकी दिल्यावर दोन्ही डोळ्यांचे उत्तर उशिरा आले, पण डावीकडे दिल्यावर वेळेवर, तर जाणारी डाक अडली, म्हणजे पाचवा. टिचकी कुठेही द्या, उजवाच डोळा मागे राहतो, तर परतीची डाक अडली, म्हणजे सातवा. विजेची ही रीत कुगेलबर्ग यांनी १९५२ साली दाखवली.

मावशींचे हे उत्तर वेळेवर आले. "मग मला काहीच झालेले नाही म्हणता?" असे त्यांनी रागाने विचारले. तसे नव्हे. साध्या त्रिशाखी कळेत ही परीक्षा बहुधा बिनचूकच येते. ती बिघडली असती, तर गाठ किंवा तंतूंच्या आवरणाचा रोग मागे आहे अशी शंका घ्यावी लागली असती. एमआरआयमध्येही गाठ दिसली नाही. कार्बामाझेपिन सुरू झाले. या कळेवर त्याचा गुण ब्लोम यांनी १९६२ साली नोंदवला आहे. आठवड्याभरात मावशींनी पदर गालावरून काढला. हे औषध दुकानातून परस्पर आणू नये. अंगावर चट्टे उठतात, रक्तातले मीठ उतरते, त्यावर डॉक्टरची नजर लागते. औषध पुरेनासे झाले तर तंतूवरची रक्तवाहिनी बाजूला करण्याची शस्त्रक्रिया आहे. जॅनेटा यांनी ती १९६७ पासून रूढ केली.

दाढ मात्र गेली ती गेलीच. त्या दर खेपेला ती आठवण करून देत, आणि आम्ही ऐकून घेत असू.

जबड्याच्या सांध्याचे दुखणे याहून निराळे. ते बोथट, तासन्‌तास टिकणारे, सकाळी किंवा चावताना वाढणारे. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा, सांधा सरकलेला कळेल. नुसता कट्‌ आवाज येतो आणि दुखत नाही, तर तो रोग नव्हे. हल्ली स्नायूंचे विद्युत्‌लेखन करून आकड्यांवर या दुखण्याचे निदान सांगणारी यंत्रे निघाली आहेत. निरोगी माणसांतही ते आकडे इतके कमीजास्त असतात की नुसत्या आकड्यावर आमचा भरवसा नाही. तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात का, ही बिनपैशाची परीक्षा आधी करा. मावत नसतील आणि खिशात सुपारीची पुडी असेल, तर सांध्याला दोष देऊ नका. गालाची आतली कातडी आवळत चालली आहे, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण आमच्या खुर्चीत अशी तरुण तोंडे अजून येतात.

आणखी एक. एक गृहस्थ खालच्या जबड्याच्या दुखण्यासाठी आले. दात सुरेख, सांधा सुरेख, तंतूंच्या परीक्षा चोख. स्टेशनचा जिना चढताना दुखते आणि थांबले की राहते, एवढे मात्र त्यांनी सहज सांगितले. आम्ही त्यांना खुर्चीतून उठवले ते थेट हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवण्यासाठीच. चेहऱ्याच्या सगळ्या परीक्षा निर्दोष आल्या म्हणूनच तिकडे पाहायचे सुचले. श्रमाबरोबर येणारी जबड्याची कळ, तीत घाम किंवा धाप असेल तर, दातांच्या डॉक्टरची वाट न पाहता रुग्णालयात न्यावी. कळव्यात महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.

वेळ संपल्याची खूण चिटणीसांनी केली आहे. रबरी हातोडी आणि कापूस आम्ही बरोबर आणला आहे. ज्यांना आपला जबडा किती उडतो ते पाहायचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर मंचाजवळ यावे. टाचणी आम्ही आणलेली नाही.