लेकीचं कॉलेज बंद करू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पन्हाळ्याहून आपल्या मुली रोज एस.टी.ने कोल्हापूरला शिकायला जातात. गर्दीत मुद्दाम धक्के, स्टँडवर शेरेबाजी, वाटेत मोटरसायकलवरून पाठलाग. सगळ्यांना ठाऊक आहे, पण घरात कोणी बोलत नाही. माझ्याच मुलीनं सहा महिने हे सोसलं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही माझं कॉलेजच बंद केलं असतं." बांधवांनो, मी गप्प बसलो. कारण पोरगी खरं बोलत होती. सभेत भाषणं ठोकणारा मी, पण घरात तेच केलं असतं.

१८४८ साली सावित्रीमाई पुण्यात शिकवायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला. त्यांनी जादा लुगडं सोबत नेलं, पण शाळा सोडली नाही. एका गुंडानं वाट अडवली, तर त्याच्या थोबाडीत दिली असं सांगतात. आणि जोतीराव त्यांना "घरी बस" म्हणाले नाहीत, हे आपण बापांनी ध्यानात घ्यावं.

कोणी म्हणेल, बौद्धानं हात उचलावा का? मारण्याची इच्छा वेगळी नि मारण्याची गरज वेगळी, हा फरक बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवला आहे. कायदाही तेच सांगतो. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ प्रमाणे स्वसंरक्षण हा गुन्हा नाही. मात्र ते गरजेपुरतंच हवं.

म्हणून मुलींनो, पहिलं हत्यार आवाज. "हात काढ!" असं मोठ्यानं ओरडा, कंडक्टरला सांगा. मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्या, कोपर मारा नि माणसांकडे पळा. आपल्याला कुस्ती जिंकायची नाही, सुटायचं आहे. मग ११२ नंबर फिरवा. अंगाला हात लावणं कलम ७४, पाठलाग ७८, अश्लील बोलणं-हावभाव ७९. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही.

आता पोरांना एक सांगतो. विहारात तिसरं शील घ्यायचं आणि वाघबीळच्या वळणावर पोरी बघून शिट्टी मारायची, हा धम्म नव्हे.

माझी विनंती दोनच गोष्टींची. दर रविवारी विहारात मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग भरवू या. आणि प्रत्येक बापानं आज बुद्धमूर्तीसमोर ठरवावं, की लेकीनं तक्रार सांगितली तर तिचं शिक्षण थांबवणार नाही. माझी मुलगी आजही तीच सकाळची एस.टी. धरते.

जयभीम! नमो बुद्धाय!