बाद झाल्यावरची एक फेरी



मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना सुरू आहे. बेसवर कोणी नाही आणि बॅटर तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झाली. कॅचर चेंडू सरळ थर्ड बेसला फेकते. तिथून शॉर्टस्टॉप, सेकंड, फर्स्ट, असा तो ग्लव्हजवर टपटप वाजत फिरतो आणि शेवटी पिचरकडे येतो. बाहेरून बघणारे म्हणतात, पोरी वेळ काढताहेत.

वेळकाढूपणाचा बंदोबस्त नियमांनी आधीच केला आहे. बेस रिकामे असताना, बॅटला न लागलेला चेंडू कॅचरने थेट पिचरकडेच परत द्यायचा. दुसरीकडे फेकला तर पंच बॅटरला एक बॉल जादा देतात, आणि चार बॉल झाले की तिला फर्स्ट बेस फुकट! स्ट्राइक आऊटनंतर मात्र ही सक्ती नसते. म्हणून फेरी तेव्हाच निघते.

बेसवर धावपटू असली तरी कॅचर मोकळी असते, कारण तिला त्या धावपटूला टिपता आलं पाहिजे. पण तेव्हा शहाणा संघ फेरी काढत नाही. चेंडू जिवंत असतो. एक फेक हुकली की धावपटू पुढच्या बेसवर.

मग ही फेरी हवीच कशाला? पिचर जोरात असली की इनफिल्डच्या मुलींना बराच वेळ चेंडूचा स्पर्शही होत नाही. आणि मग एकदम फटका येतो. 2021 साली टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सहाव्या डावात अमेरिकेचा असाच एक सणसणीत फटका जपानच्या थर्ड बेसवरच्या यू यामामोतोच्या हातावर आदळून उडाला. शेजारच्या माना अत्सुमीने तो जमिनीला लागण्याआधी झेलला आणि तसाच सेकंड बेसला फेकला. बॅटर आणि धावपटू, दोघी बाद! जपानने सामना 2-0 असा जिंकला. अशा वेळी विचार करायला सवड नसते. हात आधीच जागे असावे लागतात. 60 फुटांवरच्या बेसवर नेमकी फेक करायची सवय सामना चालू असतानाही मोडता कामा नये.

म्हणून क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. घाई आहे म्हणून ही फेरी बंद करू नका. एकच फेरी, छातीच्या उंचीवर कडक फेक, आणि पुढची बॅटर उभी राहण्याआधी चेंडू पिचरच्या हातात. पंचांनी आवरा म्हटलं, तर तिथल्या तिथे थांबायला मुलींना पहिल्या दिवसापासून शिकवा.